काविळीची माळ

३ फेब्रु.
नवऱ्याचे, संजयचे डोळे पिवळे. लघवी कधीपासूनच लाल होतेय, हे तो मला आज सांगतोय! औरंगपुऱ्यात डॉ.कडे नेलं. त्यांनी विचारलं, "काही जडीबुटी?" "नाही," संजय म्हणे. मग मीच बोलले. अश्वगंधा. ताकदीसाठी, दुधातून, चमचे भरभरून. डॉ. म्हणाले, बऱ्याच जणांना पचते, झोपेलाही घेतात, पण एखाद्याच्या लिव्हरला बाधते. एकदम बंद. रिक्षात संजय चिडला. मी चारचौघांत लाज काढली म्हणे.

५ फेब्रु.
सासूबाई फुलंब्रीहून आल्या. "आश्वगंधा बाधत नसती. जमिनीतली मुळीच हाय ना ती." म्हटलं, आई, विषारी वचनागही जमिनीतलाच. जेवल्या नाहीत.

८ फेब्रु.
मला न सांगता मायलेक पाचोडला, कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आले. संजयच्या डोक्यावर माळ, कसल्याशा मुळ्यांचे तुकडे बांधलेली. कावीळ उतरेल तशी माळ लांबते म्हणे. अहो, मुळ्या वाळतात, गाठी सैल पडतात! शिवाय तिथं कसलीशी साल चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ निघाली. उरलेली साल घरी आणलीय. मीही ती चोळून तसेच हात धुतले. माझंही पाणी पिवळंजर्द. सा.बा.ना दाखवलं.
"म्हंजी तुलाबी हाय की गं!"
पालथ्या घड्यावर पाणी.

११ फेब्रु.
माझ्यासाठीही माळ आली. हात लावला नाही. संजयची आता डोक्यावरून गळ्यात उतरलीय. भिजू नये म्हणून आंघोळ बंद. घामाचा, कुजक्या पाल्याचा वास. सा.बा. सारख्या ओढून बघतात कुठवर आली. शी! मी हॉलमध्ये झोपते.

१५ फेब्रु.
रिपोर्ट बराच सुधारला. डॉ. म्हणाले, पावडर थांबवल्याचा गुण. जिन्यातच रडू आलं. घरी येते तो सा.बा. माळेला हळदकुंकू लावतायत. "उतरली का नाय?"

१८ फेब्रु.
कावीळ गेली, आता अशक्तपणा घालवायचा. म्हणून अश्वगंधा पुन्हा सुरू!! "माळ हाय की अंगावर, काय व्हतंय." संजयने माझ्यासमोर ग्लास संपवला. डबा मोरीत ओतला मी. संध्याकाळी नवा हजर.

२२ फेब्रु.
डॉ.ना फोन करून सांगितलं. म्हणतात, घेऊन या, लगेच. तो येत नाही. म्हणे, माळ बेंबीपर्यंत आलीय, आता रक्त तपासायला कशाला टोचून घेऊ?
आज त्याचे डोळे बघताना मनात आलं, पिवळे दिसू देत थोडे. मग तरी पटेल. स्वतःच्या नवऱ्याबद्दल! माझीच मला किळस आली.
तरी खिडकीपाशी बोलावलं, पापणी ओढून पुन्हा बघितलं. नीट कळेना.