उत्तरेचा बाण आणि आईचं स्वयंपाकघर

अप्पा, तुमचा स्कॅनर आज भंगारवाल्याला दिला. रागावू नका. पुण्यातल्या या घरात तो इतकी वर्षं माळ्यावर होता, काच तडकलेली, झाकण चिकटपट्टीनं लावलेलं, आणि त्याची वायर ज्याला जोडायची तसला कॉम्प्युटर आता कुणाच्याच घरी नाही. भंगारवाला म्हणाला, "ताई, याचं काही येणार नाही हं." म्हटलं, तसाच ने बाबा. तो जिना उतरून गेला आणि मला कसंसंच झालं, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला नागरी अक्षरं वाचता येत नव्हती हे मी विसरलेले नाही. आपल्या घरात बोलायचं मराठी आणि लिहायचं तमिळ, असाच रिवाज. मीसुद्धा लग्न होऊन इथे आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. तेव्हा हे तुम्हाला वाचूनच दाखवावं लागेल. दुपारी जेवून झोपाळ्यावर पडून रेडिओ ऐकायचात, तसं डोळे मिटून ऐका.

तंजावरात तेव्हा एसटीडी बूथवाले एकामागून एक ब्राउझिंग सेंटर काढत होते. जुन्या बसस्टँडमागच्या अशाच एका सेंटरात मी कामाला होते. गिऱ्हाइकाला मशीन लावून द्यायचं, मेल उघडून द्यायची, फोटो स्कॅन करून द्यायचे. तुम्ही नुकते पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून रिटायर झाला होतात. जन्मभर ड्राफ्ट्समन, पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंतचे कालवे तुमच्या हातच्या रेघांत होते. रिटायर झाल्यावर हाताला काम नाही, म्हणून स्वयंपाक तुम्ही घेतलात आणि दुपारी मोपेडवरून माझा डबा आणायला लागलात. दहीभात आणि नारत्तंगाईचं, त्या जाड सालीच्या लिंबाचं, लोणचं. चपला बाहेर काढून आत आलात की अर्धा तास हलायचं नाव नाही, कारण आत एसी होता. एरवी मला उपदेश करत बसायचात. एके दिवशी अमेरिकेतल्या मुलाला मेल करायला येणारी एक मामी आपलं मशीन तसंच उघडं टाकून गेली आणि तुम्ही त्या खुर्चीत बसलात.

पडद्यावर कुठल्याशा परदेशी बायकांच्या हौशी मंडळाचं पान होतं. घरातले फोटो घ्यायचे, कॉम्प्युटरवरच त्यांच्यामागे नक्षीचा कागद लावायचा, कडेला फीत, कोपऱ्यात बटण, खाली दोन ओळी आठवण, आणि असं सजवलेलं पान सगळ्यांनी बघावं म्हणून मंडळात लावायचं. बाकीच्यांनी त्याखाली चार शब्द लिहायचे. तुम्ही चष्मा कपाळावर नेलात.

"ह्या बायकांस दुसरें काम नाहीं काय ग?"

"बघा तर अप्पा, छान आहे."

"हें बटण खरें की चित्र?" म्हणून तुम्ही पडद्याला बोट लावलंत. दुसऱ्या दिवशी डबा इतक्या लवकर आला की भातातून वाफ येत होती, आणि तुम्ही मला जेवायला न बसवता आधी मशीन लावायला सांगितलंत.

तुम्हाला माउस शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही तो पेनासारखा उचलून धरायचात आणि बाण हलत नाही म्हणून मलाच रागावायचात. पण एकदा हात बसला आणि मग तुम्ही थांबेनात. तुमचं पहिलं पान मला अजून जसंच्या तसं दिसतं. नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या कोलूच्या पायऱ्यांसमोर रेशमी पावाडै, म्हणजे इथला परकर, घालून, नाक फेंदारून बसलेली मी. भोवती दुहेरी रेघेची चौकट. खाली उजव्या कोपऱ्यात चौकोन करून त्यात विषय, प्रमाण, काढणाऱ्याचं नाव, हुद्दा. आणि वर उजवीकडे उत्तर दाखवणारा बाण.

"अप्पा, हा कालवा नाहीं. मी आहें."

"असशील. पण उत्तर कोणीकडे तें कळल्याशिवाय बघणाऱ्यानें उभें कुठें राहायचें, सांग?"

तो बाण त्या बायकांना इतका आवडला की काही विचारू नका. त्यांच्या मंडळाचे रिवाज होते: ज्याचा कागद वापरला त्याचं नाव लिहायचं, आणि कुणाच्याही पानाखाली काही तरी चांगलं लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुम्ही ते सरकारी आदेशासारखे पाळलेत. कुणाच्या नातवाच्या वाढदिवसाखाली तुम्ही लिहायचात, "समास समाधानकारक आहेत." कुणाच्या लग्नाखाली, "रंगसंगती मान्य." मला लाजून मेल्यासारखं व्हायचं आणि त्या खूश. महिन्याभरात त्यांच्याही पानांवर बाण दिसू लागले. एका बाईनं तर कळवलं की उत्तर कुठे ते ठरवायला ती पहाटे उठून, रात्रीच्याच कपड्यांत, अंगणात सूर्य बघत उभी राहिली आणि शेजारणीनं काळजीनं नवऱ्याला फोन केला. ते वाचून तुमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच आठवड्यात रिटायरमेंटच्या पैशांतून तुम्ही तो स्कॅनर आणलात आणि घरभरचे फोटो खाली काढलेत.

तिथेच आपली गाडी अडली. घरभरच्या फोटोंत आईचा फोटो एकच, लग्नातला, स्टुडिओतला. तुम्ही दोघंही असे ताठ उभे, जसा कुणी तरी दम भरलाय. ती गेली तेव्हा मला तीन वर्षंही पुरी नव्हती. मला तिचं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं, आणि हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते, कारण तिचं नाव निघालं की तुम्ही उठून उगाच मोपेड पुसायला जायचात. पण त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा आपल्यातलाच, नोकरी पुण्यात. येणारी प्रत्येक बाई "आई असती तर" म्हणून डोळ्यांना पदर लावायची आणि मलाही रडू यावं म्हणून बघत राहायची. मला रडू यायचं नाही. रडायचं कुणासाठी? मी त्या फोटोतल्या ताठ मुलीला ओळखतच नव्हते. एका दुपारी सेंटर रिकामं होतं आणि मी बोलून गेले.

"अप्पा, आई मज आठवत नाहीं. कांहींच. आवाज नाहीं, हात नाहीं. मी अशीच जाणार तिकडे."

तुम्ही उठला नाहीत. मोपेड बाहेर होती, तरी उठला नाहीत. मान हलवून म्हणालात, "सरी. बैस. टाइप कर."

त्या मंडळात आणखी एक रिवाज होता. महिन्यातून एकदा कुणी तरी अशी आठवण लिहायची जिचा फोटोच नाही, आणि बाकीच्यांनी त्या लिहिण्यावरून तिची पानं करायची. दुधाची तहान ताकावर, असं मी त्याला म्हणायचे. त्या महिन्यात तुम्ही आईचं स्वयंपाकघर दिलंत. तुम्ही आपल्या बोलीत सांगताय आणि मी इंग्रजीत टाइप करतेय, खुर्चीला खुर्ची लावून. सुरुवात अर्थात मोजमापापासून. दार पूर्वेला, खिडकी दक्षिणेला, चूल अमुक भिंतीपासून इतक्या फुटांवर. मग चुलीपर्यंत आलात आणि तुमचा आवाज बदलला. "ती बसून काम करायची. विळीवर भोपळा कापतांना बघायची नाहीं खालीं, तुजकडेच बघायची. तूं चुलीकडे रांगत जायचीस, म्हणून तुज रिकाम्या पितळी हंड्यांत बसवायची, खिडकीखालीं. हंड्यांतून तुझें डोकें तेवढें वर. भात झाला काय, तें झाकण उघडून नाहीं बघायची. मान डावीकडे अशी कलवून ऐकायची. भात बोलतो म्हणायची. आणि हंड्यांत तूं ओरडलीस की तीही हंड्यांत तोंड घालून ओरडायची. मी ऑफिसांतून यायचों तर दोघी ओरडताहेत." तुम्ही हसायला लागलात, मी हसायला लागले, कीबोर्डवर टपाटप पाणी पडायला लागलं आणि आपला गलका ऐकून मालकानं येऊन विचारलं की वीज गेली का.

मग वाट बघणं. तेव्हा एकेक पान वरून खाली सावकाश उघडायचं. आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. तुम्ही पडद्यासमोर श्वास धरून बसायचात. पहिल्या पानात आई निघाली उभी, पँटवर साडी गुंडाळलेली. दुसऱ्यात हंडा म्हणजे न्हाणीघरातला टब, मी फेसात. एकीनं चुलीऐवजी भिंतीतली शेकोटी काढली होती आणि भोपळ्याला डोळे-नाक कोरून दात लावले होते. मी पोट धरून हसत होते, पण मनातून घाबरले होते. यातल्या एकाही पानात मला आई दिसली नाही तर? आणि मग ते पान उघडलं, कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हातारीनं केलेलं. बाई खाली बसलेली, पाठमोरी, मान डावीकडे कललेली. हंड्यातून वर आलेलं पोराचं डोकं. वर खिडकी, आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं, बर्फ पडतंय. खाली तिनं लिहिलं होतं की तिची आईही भांड्यातलं असंच ऐकायची, फक्त तिच्याकडे बटाटे असायचे. मी हसायची थांबले.

तुम्ही सगळी पानं छापून घरी नेलीत आणि लाल पेन्सिलीला टोक काढून बसलात, ज्युनिअरांची ड्रॉइंगं तपासायला बसायचात तसे. मी म्हटलं, झालं, आता या बिचाऱ्यांना चुकांचा तक्ता जाणार. सकाळी उठून बघते तर तुम्ही कुठेही काही खोडलं नव्हतं. पँट तशीच, टब तसाच, दातवाला भोपळा तसाच. फक्त प्रत्येक पानावर उत्तरेचा बाण लाल पेन्सिलीनं सरळ केला होता, खिडकी दक्षिणेला येईल असा.

"बाकी नीट केलें नाहीं?"

"राहूं दे. त्यांनीं आपापल्या आईस बसवलेंय आंत. तिज उठ म्हणून कसें सांगायचें?"

आणि मंडळाला तुम्ही काय कळवलंत ते मी आजही लोकांना सांगते: "स्वयंपाकघर सुस्थितीत पोचले. सर्वांचा आभारी आहे."

लग्नात आहेराच्या टेबलावर तुम्ही ती पानं मांडलीत. लोक आहेर ठेवायला यायचे आणि तिथेच उभे राहायचे. दातवाल्या भोपळ्यापाशी तर पोरांची झुंबड. पापनाशमहून मावशी आली होती, आईची थोरली बहीण, गुडघे धरून चालणारी, कशालाही चांगलं न म्हणणारी. ती सगळी पानं ओलांडून बर्फाच्या पानापाशी थांबली आणि मला हाताला धरून जवळ ओढलं.

"मान बघ. तश्शीच ती. कोणी काढलें हें?" मग खिडकीकडे बोट करून म्हणाली, "पिठी उडतेय ना? चाळायची खिडकींत बसून. अस्कें घर पांढरें करून ठेवायची, बोलणीं खायची आमच्या अम्माचीं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे, आणि आपण दोघांनीही मावशीला काही सांगितलं नाही. मला तेव्हा रडू आलं, अप्पा, भर मांडवात, आणि इतकं बरं वाटलं की काजळ पसरलंय तेही कळलं नाही. जमलेल्या बायका तृप्त झाल्या.

आता ते मंडळ नाही. शोधलं मी, ती जागा कधीच बंद झालीय. थंड देशातली ती म्हातारी तुमच्या आधी गेली की नंतर, कळायला मार्ग नाही. तिचं पान मात्र इथे माझ्या स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या वर, तुमच्या लाल बाणासकट. माझी मुलगी कुकरच्या शिट्ट्या मोजते, ती काय भाताचं ऐकणार. पण तिनंही लहानपणी पिंपात तोंड घालून भरपूर ओरडून घेतलंय, मीच शिकवलं.

हे कुठे पाठवणार? टपालवाल्याला तुमच्या गावची उत्तर ठाऊक नाही. घडी घालून त्या पानामागे सरकवून ठेवते. फक्त एक राहिलं. स्टेशनवर गाडी सुटताना तुम्ही खिडकीचे गज धरून विचारलं होतंत, "कण्णा, आठवलें काय कांहीं?" मी म्हटलं, "हां अप्पा. हंड्यांत बसलेंय. पाठीला पितळ गार लागतेंय. आई मान कलवून ऐकतेय." तुम्ही लगेच तपासून घेतलंत, "खिडकी कोणत्या बाजूस?" मी म्हटलं, "दक्षिणेस," आणि तुमचा चेहरा असा फुलला की तो बघत मी गाडी वळेपर्यंत मान बाहेर काढून बसले. मी खोटं बोलले नव्हते. मला तेव्हाही आठवत होतं आणि आजही आठवतं, अगदी स्वच्छ. फक्त खिडकीबाहेर काय दिसतं ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही. तिथं बर्फ पडत असतं, अप्पा.