खाकी कव्हर

शुक्रवार, दिवेलागण

माझ्या सातवीच्या मुलांना आज आवडतं पुस्तक आणायला सांगितलं होतं. बहुतेकांनी पाठ्यपुस्तकासारखं खाकी कव्हर घालून आणलं. माझ्याही पुस्तकाला तेच. सगळी टेबलावर एकत्र ठेवलेली. माझा नंबर आला तसं एक उचललं आणि न उघडताच दरवर्षीचं बोलले. माझ्या आवडत्या कादंबरीतलं विहिरीवरच्या निरोपाचं पान, ते वाचताना अजून रडू येतं, वगैरे.

पहिल्या बाकावरची श्रावणी हळूच म्हणाली, "बाई, ते माझंय. माकडाच्या गोष्टींचं."

वर्ग हसला. मीही हसले. लाज वाटायला हवी होती ना? काहीच वाटलं नाही.

तिनेच मग माझं पुस्तक शोधून हातात दिलं. "रडू येतं ते पान दाखवा ना, बाई." चाळत राहिले, सापडेना. घंटा झाली. "सोमवारी दाखवा," म्हणाली.

घरी आल्या आल्या शोधलं. सापडलं. दोनदा वाचलं. डोळे कोरडेच. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत होत्या.

पानात खुणेला बसचं तिकीट घातलं, खाकी कव्हर नीट बसवलं. सोमवारी तिलाच वाचायला देईन. ती वाचत असताना तिच्या चेहऱ्याकडे बघत बसेन.