साडेसदतीस फेऱ्यांची गाणी

जळगाव, रविवार

प्रिय अक्का,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. आपल्या गावाहून, भडगावहून, सगळे येतील. त्यांना ऐकवण्यासाठी तुझ्या गाण्यांची कॅसेट मी भरून ठेवली आहे. बाबांनी सांगितलं म्हणून भरली, आणि एकदा नाही, दोनदा भरली. पहिली मी पुसून टाकली. का पुसली ते आधी तुला सांगायला हवं, उद्याच्या गर्दीत ते जमणार नाही. जिवंतपणी तुला मी एकही पत्र लिहिलं नाही. भुसावळ जळगावहून अर्ध्या तासावर. पत्र कशाला लिहायचं, असं वाटायचं.

तू बाबांची मोठी बहीण. अख्ख्या घराची अक्का, म्हणून माझीही अक्काच. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझी नोकरी. तुझे यजमान, आमचे काका, गेल्यावर त्यांच्या जागी मिळालेली, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच. शेजारच्या खुर्चीवर डॉरीनबाई. त्यांचा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने अमेरिकेहून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि मोठ्या भोकाच्या छोट्या तबकड्यांचं एक खोकं. डॉरीनबाई देश सोडून निघाल्या तेव्हा हे सगळं तुझ्या क्वार्टरमध्ये आलं. एवढं मला ठाऊक आहे. त्या निघाल्या तेव्हा तू रडलीस का, ते मात्र मी कधी विचारलं नाही.

मग तुला नादच लागला! रेल्वे कॉलनीत कोणतं ख्रिश्चन कुटुंब बांधाबांध करतंय याची बातमी तुला एक्स्चेंजवर सगळ्यांच्या आधी लागायची. तू रावेरच्या केळ्यांची फणी घेऊन निरोप द्यायला जायचीस आणि पिशवीत चार तबकड्या घेऊन यायचीस. भुसावळच्या उन्हात त्या वाकतात, म्हणून त्या ताटाळ्यात, माठाच्या बाजूला, उभ्या. रिठ्याच्या पाण्याने धुतलेल्या आणि मलमलने पुसलेल्या. मी मोजल्या आहेत, अक्का. एकशे बारा. एकही वाकलेली नाही.

गाणाऱ्यांची नावं तुला वाचता यायची, पण तू त्यांना स्वतःची नावं दिली होतीस. वरच्या पट्टीत किंचाळणारा तो 'पाखरू'. मध्येच हुंदका देणारा 'रडका'. आणि सगळ्यांच्या तळाशी, विहिरीतून बोलल्यासारखा 'दूम दूम' करणारा तो 'आबा'. चार-पाच जण, वाद्यं जवळजवळ नाहीतच. एकाने गायचं आणि बाकीच्यांनी नुसती अक्षरं म्हणायची.

"अक्का, तुला यातलं काय समजतं गं?" मी एकदा विचारलं होतं.

"त्यासले बी समजत नही, माले बी समजत नही," तू म्हणालीस. "हिसाब बराबर!"

आता त्या मे महिन्याकडे येते.

धुळ्याला डिप्लोमाचं दुसरं वर्ष संपलं होतं आणि सुट्टीतलं ट्रेनिंग भुसावळला, म्हणून मी तुझ्याकडे राहत होते. बाबांनी नवीन डिजिटल घड्याळ दिलेलं, स्टॉपवॉचवालं. दिसेल ते मोजायचे. एका तबकडीच्या लेबलवर गाण्याची लांबी छापली होती, अडीच मिनिटं. मी घड्याळ लावलं. तीन मिनिटं भरली! दुसरी तबकडी लावली, तोच हिशेब. प्लेअर हळू चालत होता.

कारण सापडायला मला दोन दिवस लागले, आणि सापडल्यावर काय आनंद झाला होता! अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपली पन्नासची. डॉरीनबाईंच्या भावाने सोबत ट्रान्सफॉर्मर दिला होता, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. म्हणून मिनिटाला पंचेचाळीस फेरे घ्यायची तबकडी साडेसदतीसच घेत होती. वीसहून जास्त वर्षं तू प्रत्येक गाणं हळू आणि पेटीच्या तीन पट्ट्या खाली ऐकत होतीस.

आणखी एक दोष मी वहीत नोंदवला होता. तू खोलीत एकटी गाणी ऐकायचीस, दार लावून. मी स्वयंपाकघरात अभ्यासाला बसले की गाण्याखाली एक जाड, सलग घुमघुम ऐकू यायची. मी दार उघडलं की ती थांबायची. विजेच्या पुरवठ्यामुळे यंत्रात येते तशी घरघर, असं मला वाटलं. मी लिहिलं: 'मेन्सचा हम. दोष अधूनमधून. कारण बहुधा सैल अर्थिंग.'

शनिवारी धुळ्याला जाऊन कॉलेजच्या लेथवर मी मोटरची नवी पितळी पुली कातून आणली. जुनी सहा मिलिमीटरची होती, ही सात पूर्णांक दोनची. रविवारी ती बसवली आणि अर्थिंगची तारही नळाला नीट जोडली. तुला पलंगावर बसवलं आणि तुझी सगळ्यात आवडती तबकडी लावली. घड्याळात बरोबर अडीच मिनिटं!

तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालीस, "आबा कोठे गया व?"

"आबा नव्हताच अक्का. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असेल तो. वेग कमी होता म्हणून म्हातारा वाटायचा."

"आनि रडका?"

"तोही. शाळेतलाच असेल."

"या बठ्ठा पोरे शेतस!" सगळीच पोरं निघाली म्हणून तू हसलीस. मीही हसले. मग तू पदराने प्लेअरचं झाकण पुसलंस, पुसण्यासारखं काही नसताना. "बरोबर शे ना आते? मंग व्हयनं," विषय संपवल्यासारखं म्हणालीस आणि चहा ठेवायला उठलीस.

तू इतकी शहाणी का होतीस? एकदा तरी चिडायचंस! 'माझ्या वस्तूला हात कोणी लावायला सांगितला' म्हणायचंस. मला ते समजलं असतं. गप्प राहण्याची भाषा मला येत नाही. खरं तर येते, मीही तुझ्यासारखी गप्पच राहते. पण दुसऱ्याचं गप्प राहणं मला वाचता येत नाही.

दिवाळीत तू मला विचारलं होतंस, "ते जुनं चाक कोठे शे?"

"भंगारात टाकलं. कशाला पाहिजे?"

"काही नही. असंच."

मी पुढे एक शब्द विचारला नाही. सदोष सुटा भाग परत मागणारं माणूस माझ्या कल्पनेतच नव्हतं. त्यानंतर मी येईन तेव्हा तू रेडिओ लावलेला असायचा. ताटाळ्यातल्या तबकड्या पुसलेल्या असायच्या, पण वाजत नसायच्या. मला वाटलं, नाद संपला. आणि ती घुमघुमही पुन्हा कधी ऐकू आली नाही. अर्थिंग जमलं, अशी खूणही मी वहीत केली.

गेल्या महिन्यात बाबा म्हणाले, "अक्काची गाणी कॅसेटवर घे. भडगावचे अजून म्हणतात, अक्का नुसत्या शोभेला इंग्रजी ठेवायची."

मी प्लेअर जळगावला आणला, नीट जोडला, एक बाजू भरली आणि बाबांना ऐकवली. ते पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर खाली आला.

"ही ती गाणी नाहीत."

"बाबा, हीच आहेत. मी स्वतः भरलीत."

"मग अक्का यात गायची कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही. "अक्का गायची?"

"म्हणजे? तू महिना-महिना तिच्याकडे राहिलीस ना? दार लावून गायची. मी स्टेशनवरून आलो की बाहेर पायरीवर बसून ऐकायचो, आत गेलो की थांबेल म्हणून." बाबांनी चष्मा काढला. "लग्नाआधी गावात हळदीला तिच्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. बायकांत असा खर्ज कुणाचा नव्हता. भाऊजी गेल्यावर तिला कोणी पुढे बसवलं नाही. इथे त्या लोकांच्या मागे गायची. पण ही फार वर आहेत गं. इथे ती पोचलीच नसती."

मी उठून माझ्या खोलीत गेले. वही काढली. 'मेन्सचा हम.' अक्षर माझंच, नीटनेटकं, तारखेसकट.

अक्का, मी आता कारखान्यात मापयंत्रं तपासते. गेज, काटे, तापमापक. एखादं यंत्र किती चुकतं ते सांगणं हेच माझं काम, आणि मी ते चांगलं करते. पण तुझा आवाज मी दोष म्हणून लिहिला, आणि तो थांबला तेव्हा काम झालं अशी खूण केली! याची टक्केवारी कशी काढू?

दुसऱ्या दिवशी मी एमआयडीसीतल्या लेथवाल्या नानांकडे गेले. जुन्या पुलीचं माप वहीत होतं, ते कागदावर काढून दिलं.

नानांनी माझी पितळी पुली हातात घेतली. "ताई, ही चांगली आहे की. नव्या चित्रात व्यास लहान दिसतो. याने तबकडी हळू फिरेल."

"हळूच फिरायला हवी."

"मग ही मोठी कोणी केली होती?"

"मी."

"माप चुकलं होतं?"

"माप बरोबर होतं, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुन्हा उलगडला. दोन शतांश मिलिमीटरचाही फरक चालणार नाही, एवढं मी बजावलं. "चुकीचं करायचं तेही इतकं अचूक!" ते पुटपुटले.

संध्याकाळी मी पुली बसवली. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. सुई टेकली आणि आबा आला, तळातून, सावकाश. मी पहिल्यांदाच ते गाणं ऐकलं. त्याआधी फक्त मोजलं होतं. हळू झाल्यावर त्या पोरांचे आवाज मोठ्या माणसांचे होतात, आणि त्या माणसांच्या मधोमध एक जागा मोकळी राहते. आबाच्या वर, रडक्याच्या खाली. दुसऱ्या कडव्याला बाबांनी एक बोट वर केलं.

"इथे," ते म्हणाले. "इथे ती यायची."

ते बोट गाणं संपेपर्यंत वरच होतं. मी प्रयत्न केला नाही. माझा आवाज तुझ्यासारखा नाही, आणि तुझ्या जागेवर कोणी बसावं असं मला वाटत नाही.

कॅसेट मी याच वेगाने भरली आहे. प्लेअरच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे, आम्ही कारखान्यात यंत्रांवर लावतो तशी: 'वेग साडेसदतीस. फरक उणे सोळा पूर्णांक सात टक्के. दुरुस्त करू नये.' खाली माझी सही.

उद्या जेवणं झाल्यावर कॅसेट लागेल. भडगावची एखादी काकू म्हणेलच, "हाऊ टेप ओढस का व, पोरी?" मला चारचौघांत बोलायला आवडत नाही, हे तुला माहीत आहे. पण उद्या बोलेन. टेप ओढत नाही, हाच वेग बरोबर आहे, असं सांगेन. ही गाणी अक्काने शोभेला ठेवली नव्हती, ती यात गायची, तुम्ही तिला हळदीला बोलावणं बंद केलंत त्यानंतर वीस वर्षं ती यांच्यात बसून गायची, आणि ते बंद करणारी मी होते, हेही सांगेन. सगळं, याच क्रमाने, मोठ्याने. हे माझं तुला वचन.

तुझी भाची,
सुनीता