भुईभाड्याची भानगड

३ मार्च
घर गेलं! म्हणजे अजून नाही — पण नोटीस आलीय. फ्लॅट आमचा, खालची जमीन भाडेपट्ट्याची. जमिनीचा मालक म्हातारा. भुईभाडं मागायचाच नाही, आम्ही द्यायचो नाही. मजेत चाललं होतं! त्यानं गुपचूप जमीन विकली. नवा मालक म्हणतो, मागची सगळी थकबाकी भरा, नाहीतर पट्टा रद्द.
नवरा म्हणाला, "मी बघतो." संपलंच मग.

४ मार्च
नवऱ्यानं बघितलं. नोटिशीकडे. मग झोपला.

६ मार्च
वरच्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तर जिन्यात कडाडले, "जुनी बाकी जुन्या मालकाची! याचा काय संबंध?" भांडतातही सुरात. जुन्या मालकाला तरी कुठे देणार होते!
कवळ्या बनवायचा माझा धंदा; दिवसभर त्याच घासत बसले. एकीचा सुळाच उडवला. दातांच्या डॉक्टरला काय सांगू? घराचे हप्ते अजून चालू आहेत, आणि घरच उडालं तर?

९ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, "बाकी वसूल करायचा हक्क नव्या मालकाला दिलाय का, ते खरेदीखतात बघू." बघितलं. दिलाय! स्पष्ट!
"आधी भरा, पट्टा वाचवा. भांडण नंतर."
एवढं सांगायची फी केवढी! बाईंचे दात चांगले आहेत, नाहीतर वसूल केली असती.

१३ मार्च
दात भाजायच्या नव्या भट्टीसाठी साठवलेले पैसे घेऊन मालकाकडे गेले. गुंड असेल वाटलं होतं. निघाला सर्दीनं बेजार, घाबरट माणूस. म्हाताऱ्याच्या इतर जमिनींबरोबर ही त्याच्या गळ्यात पडलेली.
"भरायला आलेल्या तुम्ही पहिल्याच," तो शिंकत म्हणाला. "बाकीचे शिव्या देतात हो. तुम्हीच घेता का जमीन? स्वस्तात देतो."
मी हसले. तो हसला नाही.

१४ मार्च
नवऱ्याला सांगितलं. कूस न बदलता म्हणाला, "घेऊन टाक." लग्नापासूनचं पहिलं कामाचं वाक्य! मास्तरांना विचारलं, भागीदारीत येता का? "फुकटची जमीन विकत कोण घेतं!" — दार बंद.

२ एप्रिल
सह्या झाल्या, भट्टीचे पैसे संपले. जमीन माझी, सगळ्यांची थकबाकी वसूल करायच्या हक्कासकट.
जिन्यात मास्तर भेटले. इतकी वर्षं 'ताई' म्हणायचे. आज बाजूला सरकून म्हणाले, "या, मालकीणबाई."