एवढंच सांगायचं होतंस

मोहोपाडा,
फेब्रुवारी १९८४

प्रिय गोदाताई,

माझी भागी गेल्यावर तू येऊन मला कुशीत घेतलंस, माझ्याइतकीच रडलीस. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. म्हणूनच जास्त लागतं गं.

गेल्या वर्षीचा शिमगा आठव. तुमच्या कशेळ्याला होळीभोवती पळता पळता भागी कोसळली, ओठ निळे पडले. तूच तिच्या नाकाला कांदा लावलास. ती शुद्धीवर आली. तू म्हणालीस, "फीट हाय गं, वयात येताना होतं. भगताला दाखव." मी तुझं ऐकलं. पोरीच्या दंडाला ताईत बांधला आणि निर्धास्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर पाताळगंगेत उतरली. पट्टीची पोहणारी माझी पोर, मधेच हात थांबले आणि पालथी तरंगली.

तेराव्याला दाजींच्या तोंडून निसटलं, "आमच्या गजालाबी असंच व्हायचं. आता गोळ्या चालू हायेत." तू त्यांच्याकडे पाहिलंस, ते गप्प झाले. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण पुढे माझा चांगोही शाळेत धावताना पडला, तेव्हा ते शब्द आठवले आणि त्याला तडक मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या छातीला वायरी लावल्या, कागदावरच्या रेघा दाखवल्या. हृदयाचे ठोके चालवणारी वीज जन्मतःच बिघडलेली, रक्तातून आलेली. पळताना, पोहताना ठोके एकाएकी सैरभैर होतात. आपला भाऊ सखा लहानपणी विहिरीत गेला, तोही बुडाला नसेल, ताई.

दाजींना गाठून विचारलं, तेव्हा ते रडले. गजाचं निदान त्या शिमग्याच्या आधीच झालं होतं. डॉक्टरांनी तुला बजावलं होतं, बहिणीच्या मुलांनाही तपासायला आणा, पाण्यात जाऊ देऊ नका. पण तुझ्या हिरूचं लग्न खालापूरला जमत होतं. घराण्यात रोग आहे हे फुटलं तर सोयरीक मोडेल, म्हणून तू गप्प बसलीस. कारण नसतं सांगितलंस, रोगाचं नाव नसतं घेतलंस, पण "भागीला पाण्यात जाऊ देऊ नकोस," एवढं तरी माझ्या कानात सांगायचं होतंस. मी कधी तुझा शब्द मोडला होता?

हे लिहितेय ते भांडायला नाही. तू हिरूला शोधत फिरशील म्हणून लिहितेय. ती काल एकटीच एस्टीने माझ्याकडे आली. हंडा घेऊन चढण चढताना तिला भोवळ येते, आणि तू तिला म्हणालीस, लगीन होईस्तोवर कुनाला बोलू नको. मी चांगोला गोळी देत असताना ती माझ्याकडे बघत होती. मग विचारलंन, "मावशी, भागीच्या आधी आयला ठाव व्हतं?" मी तुझ्यासाठी खोटं बोलले नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली, जेवली नाही. सोमवारी तिला तपासायला नेतेय. तुला यायचं तर ये. इस्पितळ कुठलं ते तुला माहीत आहे.

तुझ्या पाठची,
जनी