डल्सीने विणलेलं

येपून, ३ सप्टेंबर

प्रिय मोइराताई,
सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला आहे, अकलेला नाही.

रविवारी चर्चच्या पत्रकात आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव छापून आलं. फादर म्हणाले, टुवूम्बाहून बहिणीचा फोन आला होता. छातीचं ऑपरेशन झालं, एवढंच मी तुला कळवलं होतं. कॅन्सर तू जोडलास. आता अख्खं गाव तेच समजतंय. गुरुवारपर्यंत दारात नऊ भांडी स्ट्यू आला. प्रत्येक भांड्याच्या तळाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी, म्हणजे परत द्यायला जायचं आणि तोंड दाखवायचं.

खरं ऐक. ब्रायन संसार टाकून गेला त्या वर्षी मी छाती भरदार करायला सिलिकॉनचे इम्प्लान्ट बसवून घेतले. तुला पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. आता उजवा फुटला म्हणून दोन्ही काढले, आणि उजवी बाजू डावीच्या निम्मी राहिली. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी पोटाची चरबी भरून सारखं करता येईल. कॉन्व्हेंटमध्ये झगा घालून अंघोळ करणारी मी एकाहत्तराव्या वर्षी हे लिहितेय.

आपली मैत्रीण डल्सी, तिची एका बाजूची छाती कॅन्सरमुळे खरोखरच काढलीय. ब्रामध्ये ठेवायला तिने माझ्यासाठी मऊ सुताचा स्तन विणून आणला. मी घेतला. आभारही मानले. रोज घालते.

रागावलेली तरी तुझीच,
नोएलीन

टुवूम्बा, ९ सप्टेंबर

प्रिय नोएलीनला अ. उ. आ.

फोन केला ही माझी चूक. फादरांना सांगून नाव काढायला लावलं. पित्ताशयावर मात्र मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता. त्या ख्रिसमसला तुझ्या आधी तुझा ब्लाउज घरात शिरला होता. विचारलं नाही, कारण तू फार दिवसांनी हसत होतीस.

स्ट्यू खाऊन टाक, बायका विसरतील. डल्सीला मात्र खरं काय ते तोंडाने सांग. ते विणलेलं तिच्यासारखीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

जेवत जा. माया आहेच, मागायला नको.
मोइरा

येपून, २० सप्टेंबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि. या वेळी मनापासून.

काल डल्सीकडे गेले आणि हसण्यावारी नेत सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला हसू येत नाहीये, नोएलीन. विणलेलं तिने माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, रॉकहॅम्प्टनची एक बाई याची वाट बघतेय, तुझं नाव यादीत दिसलं म्हणून मी तुला आधी दिलं.

मी जमिनीकडे बघत उभी राहिले. तेव्हा तिनेच खुर्ची पुढे केली, टेप काढला आणि म्हणाली, हात वर कर, तुला निम्म्याच मापाचं लागेल, आणि पुढच्या वेळी हवं ते सरळ माग. माप घेताना तिने स्वतःची बाजूही दाखवली. सपाट, आडवी एक रेघ. म्हणाली, मी काही भरून घेतलं नाही, सवय होते, तू तरी कुठे आता पुन्हा कापून घेणार आहेस.

मी म्हटलं, छे.

ताई, चरबी भरून घ्यायला मार्चची तारीख मी आधीच घेतलीय. आणि मला ते करायचंय. तिची रेघ बघूनही करायचंय, याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. रात्रभर तेच.

हे पत्र पेटीत टाकून तशीच तिच्याकडे जाते. तुला मिळेल तोवर तिला कळलेलं असेल. ती विणेल की नाही, माहीत नाही.

तू तरी मला धरून राहा.
नोएलीन