भूपेंद्र येथे राहत नाहीत

४ ऑगस्ट, सोमवार. पुलगाव.
सकाळी दूरध्वनी. तरुण स्त्रीचा आवाज. भूपेंद्र आहेत काय, अशी पृच्छा. त्यांच्या मालवाहू गाडीचे हप्ते थकले आहेत म्हणे. ‘भूपेंद्र येथे राहत नाहीत’ असे पूर्ण वाक्यात सांगितले. प्रकरण संपले.
सायंकाळी पुन्हा तीच मुलगी. प्रकरण उद्या संपेल.

६ ऑगस्ट, बुधवार.
मुलीचे नाव काजल. आर्वीच्या एका फायनान्स कंपनीत ‘रिकव्हरी’चे काम पाहते. (शब्द तिचा, माझा नव्हे.) मला ‘काकाजी’ म्हणते. मी तिचा काका नाही, हे स्पष्ट केले. त्यावर म्हणाली, काकाजी, तुमी रागावता काऊन, मी तं माझं काम करून राह्यली. ‘करीत आहे’ असे म्हणावयास लावले. म्हणाली. मुलगी शिकवण्यासारखी आहे.
तिच्याकडील माहितीप्रमाणे हा क्रमांक भूपेंद्रच्या सासूचा, नाव शोभाबाई. माझ्या पत्नीचे नाव शोभाच होते व तिच्या निधनानंतर तिचा फोन मी वापरतो, हे खरे. परंतु शोभाबाई या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. आमच्या वर्षालीने आष्टीच्या ज्या इसमाशी विवाह केला, त्याचेही नाव भूपेंद्र असून तोही मालवाहू गाडी चालवतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार.
कंपनीस विनंती-अर्ज पाठवला. ‘सदर इसमाशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही.’ मसुदा तीनदा लिहिला. असा अर्ज वाचून कोणीही लज्जित होईल.
शेजारच्या मनकर्णाबाई अळूची भाजी घेऊन आल्या. त्यांचे मत, मास्तर, एवढी कटकट आहे तं सिम बदलून टाका ना. मी नकार दिला. निरपराध मनुष्याने आपला क्रमांक का बदलावा? प्रश्न तत्त्वाचा आहे. शिवाय हा क्रमांक काही लोकांना पाठ आहे. मनकर्णाबाईंनी विचारले, कोणाले? मी भाजीत मीठ कमी असल्याचे त्यांच्या लक्षात आणून दिले.

१३ ऑगस्ट, बुधवार.
काल दिवसभर काजलचा फोन नाही. आज दुपारपर्यंतही नाही. कामात सातत्य हवे. स्नानास जाताना फोन सोबत नेऊन खुंटीवरच्या पिशवीत ठेवला, तो केवळ कंपनीची बेशिस्त तपासण्यासाठी.
तीन वाजता आला. ताप होता म्हणाली. गवती चहा घेण्यास सांगितले. मग तिने भूपेंद्रविषयी बोलणे काढले. तळेगावच्या घाटात गाडी उलटली, पाय मोडला, आता घरीच बसून आहे. फोन त्यांच्या मॅडम उचलतात.
मी इतकेच विचारले की, त्या मॅडम ‘न’ आणि ‘ण’ वेगवेगळे उच्चारतात काय.
म्हणाली, लय साफ बोलतात काकाजी, एकदम टीचरवानी.
त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. शुद्ध उच्चार कोणीही शिकवू शकते.
रात्री भूक नव्हती.

१८ ऑगस्ट, सोमवार.
अर्जाचे उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवले.
काजलने आज सरळच विचारले, तुमी भूपेंद्रभाऊचे सासरे आहा का? प्रश्न विषयास सोडून आहे, असे उत्तर दिले. ती हसली. म्हणाली, माझे बाबाबी असेच आहेत, सरळ सांगतच नाईत. तिचे बाबा काय करतात ते विचारले. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये होते, आता घरी असतात. बोलणे लांबले. तिच्या वेळेचा अपव्यय होऊ नये म्हणून शेवटी मीच थांबलो.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा.
गल्लीतील मुले लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागण्यास आली. वर्षालीचा बैल माळ्यावर होता, तो खाली काढला. धूळ फार बसली होती. चाके अजून फिरतात.
मनकर्णाबाई म्हणाल्या, महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या, मास्तर. शोभाबाई गेली तवापासून मुखवटे पेटीतच राह्यले. मी मांडून देतो, सैंपाक करतो, तुमी फक्त लेकीले घ्याले जा.
मी म्हणालो, यायचे असेल तर तिने फोन करावा. क्रमांक तिला पाठ आहे.
त्या म्हणाल्या, सासरची लेक माहेराले स्वतःहून फोन लावून येत असते का? तिले बोलवा लागते. आणाले कोणी तरी गेलं पाह्यजे. ते बी वाट पाहून राह्यली असंन, तुमी बी. मंग कसं जमन?
लग्नाच्या वेळी मी पत्रिका परत पाठवली होती, हे मनकर्णाबाईंना ठाऊक आहे. त्यानंतर बोलावण्याची जबाबदारी कोणाची, हा वादाचा विषय होऊ शकतो. मी वाद वाढवला नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
काजलचा आवाज आज हळू होता. सोमवारी गाडी ओढून नेणार आहेत. गाडी गेली तर पाय बरा होऊनही काय उपयोग, असे तीच म्हणाली. पुढे म्हणाली, उद्या शनिवारी ऑफिस चालू आहे काकाजी, घरचं कोणी मोठं माणूस येऊन बोललं तं साहेब मुदत देतात. पैशे नाई लागत. फक्त म्हणा, मी यांचा सासरा आहो, मी जबाबदार आहो.
‘आहो’ नव्हे, ‘आहे’, असे मी सांगितले.
निश्चय: उद्या सकाळच्या गाडीने आर्वी. कार्यालयात ते वाक्य उच्चारावयाचे. मग तेथूनच पुढे आष्टी. वर्षालीस सोबत घेऊन रविवारी परत. मनकर्णाबाईंना मुखवटे पुसून ठेवण्यास सांगितले. त्या लगबगीने पेटी घेऊन गेल्या.
धोतर-टोपी इस्त्री करून आणली. वर्षालीस आवडतो म्हणून गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतला.

३० ऑगस्ट, शनिवार.
स्थानकावर वेळेआधी पोहोचलो. आर्वीची गाडी आली. गर्दी होती. वाहकाने विचारले, बाबाजी, चढता का? मी विचार करीत होतो. जावयाचा पाय मोडलेला असताना सासऱ्याने पूर्वसूचना न देता जाणे औचित्यास धरून आहे काय? आणि दार वर्षालीनेच उघडले तर पहिले वाक्य कोणते असावे, ते मी ठरवले नव्हते. तयारीविना मी कधी वर्गातही गेलो नाही.
गाडी गेली. पुढची अकराला होती. तोवर ऊन वाढले.
सोमवारी सकाळी निघणे अधिक सयुक्तिक. मधला रविवार वाक्य ठरवण्यास मिळतो.

१ सप्टेंबर, सोमवार.
गुडघा धरला आहे. महालक्ष्मीचे जेवण मनकर्णाबाईंकडे. त्यांची लेक नलू नागपूरहून आली होती. आंबील उत्तम. मुखवट्यांची पेटी कोणी परत आणून ठेवली, कळले नाही. फोन खिशातच होता.

४ सप्टेंबर, गुरुवार.
काजल. गाडी सोमवारी दुपारी नेली.
मग म्हणाली, काकाजी, तुमचं काम झालं. तुमचा नंबर आमच्याकडून काढून टाकला, आता तरास नाई होणार. अर्जाचा परिणाम झाला तर, असे मी म्हणालो. म्हणाली, अर्जानं नाई. गाडी नेतानी साहेबांनी मॅडमले इचारलं, पुलगावचा नंबर कोणाचा? मॅडम म्हणाल्या, तो नंबर माझ्या आईचा होता. आई वारली. आता त्या नंबरवर आमचं कोणी नाही.
मी विचारले, ‘नाही’ म्हणाल्या की ‘नाई’?
म्हणाली, ‘नाही’, काकाजी. साफ म्हणाल्या.
मग तिने तब्येतीस जपा म्हटले. मी आभार मानले.
शेवटी माझेच म्हणणे ग्राह्य धरले गेले. सदर इसमाशी संबंध नाही. दोन्ही पक्षांचे आता एकमत आहे.

१० सप्टेंबर, बुधवार.
शांतता. वाचनास भरपूर वेळ मिळतो.
काजलच्या क्रमांकावर, अर्जाची लेखी पोच मागावी म्हणून, फोन लावला. या क्रमांकावर येणारे कॉल स्वीकारले जात नाहीत, असे यंत्राने हिंदीत सांगितले.
गोरसपाकाच्या पुड्यास मुंग्या लागल्या होत्या. झटकून डब्यात भरला.

१५ सप्टेंबर, सोमवार.
फोन बिघडला असावा, अशी शंका आली. मनकर्णाबाईंना त्यांच्या घरून लावून पाहण्यास सांगितले.
वाजला.
फोन सुस्थितीत आहे.